कसणे आणि सोडणे

मध्यममार्गाची प्रशंसा आपल्याकडे जितकी सार्वत्रिक आहे, तितकीच त्याच्याविषयीची समजूत उथळ आहे. दोन टोके घ्यावीत, त्यांच्यामधील अंतर मोजावे, त्याचे दोन समान भाग करावेत आणि विभाजनाच्या खुणेवर निश्चिंतपणे उभे राहावे, असे भूमापन खात्याच्या मोजणीदाराला शोभणारे परंतु साधकाच्या उपयोगी न पडणारे चित्र बहुतेकांच्या मनात असते. आणि त्याचा परिणाम असा होतो की, ज्याला कशाचाच आग्रह नाही, जो तपही अर्धे करतो आणि भोगही अर्धाच घेतो, त्या मनुष्याला आपण समतोल म्हणून गौरवितो. बुद्धाने वाराणसीजवळ ऋषिपतनाच्या मृगवनात पहिल्या पाच श्रोत्यांना जो मार्ग सांगितला तो असा कोमट असता, तर त्यापायी घर सोडण्याचे, सहा वर्षे वणवण करण्याचे आणि पुढे ४५ वर्षे पायी हिंडून तो सांगत राहण्याचे प्रयोजनच काय होते? माझ्या मते मध्यम हा बिंदू नव्हे, ती क्रिया आहे. तिला क्रम आहे, तिच्यात आधी कसावे लागते, मग सोडावे लागते, आणि जे साधले ते शेवटी पक्के बांधून घ्यावे लागते. हा क्रम मला ग्रंथांपेक्षा अधिक स्पष्टपणे उमगला तो आसगावी, एका जुन्या फोर-व्हील गाडीच्या पुढच्या चाकांची बेअरिंगे बसविली जात असताना.

आसगाव हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील ज्या सुपीक धानपट्ट्याला या मुलुखात चौरास म्हणतात, त्यात ते मोडते. जमीन काळी, चिवट, पाणी धरून ठेवणारी. आणि सारा जिल्हा तलावांचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तिचे हक्क आणि तिचा रुबाब दप्तरात जमा झाला, पण तलाव राहिले. त्यांना सरकारदरबारी माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि त्याचा संक्षेप करून लोक मोठ्या प्रेमाने मामा तलाव म्हणतात. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा तेथे स्तूपाचे अवशेष उजेडात आले. म्हणजे ज्या मार्गाची मी चर्चा करीत आहे, तो या नदीकाठी दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन पोहोचला होता. मध्यंतरी तो येथल्या जनजीवनातून पुसला गेला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह धम्म स्वीकारल्यावर घरोघर परत आला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५४ मध्ये, बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते आणि त्यांचा पराभव झाला होता. ज्या मुलखाने त्यांना दिल्लीस पाठविले नाही, त्याच मुलखातील असंख्य कुटुंबांनी त्यांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, आणि त्या प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्ग अनुसरण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा मध्यम म्हणजे काय, हा प्रश्न या भागात केवळ पंडितांच्या वादाचा राहत नाही. ज्याने शब्द दिला आहे, त्याला त्याचा अर्थ रोजच्या व्यवहारात शोधावा लागतो.

आता गाडीकडे वळतो. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे त्याच घराण्याच्या गाड्या, लांबी वाढवून, मागे हौदा जोडून, पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन बसवून, देशभर पसरल्या. सरकारी खात्यांतील सेवा संपल्यावर लिलावात निघणाऱ्या अशा गाड्या खेडोपाडी दुसरे आयुष्य जगतात. चौरासात त्यांचे महत्त्व विशेष आहे, कारण रोवणीच्या दिवसांत बांधावरची वाट जेव्हा गुडघाभर चिखलात जाते, तेव्हा मागची दोनच चाके ओढणारी गाडी जागच्या जागी रुतत जाते आणि चारही चाके ओढणारी गाडी खताची पोती घेऊन हळूहळू का होईना पलीकडे निघते. परंतु हे सामर्थ्य फुकट मिळत नाही. ज्या पाण्यातून आणि गाळातून ती जाते, ते पाणी पुढच्या चाकांच्या हबमध्ये सीलच्या फटीतून शिरते, ग्रीसमध्ये मिसळून ते दुधाळ करते, आणि पाऊस सरता सरता बेअरिंगे घरघरू लागतात.

साध्या गाडीत पुढच्या चाकाचे बेअरिंग पाहणे सोपे: टोपण काढले की नट समोर. फोर-व्हील गाडीत तसे नाही. येथे चाक ज्याच्यावर फिरते ते स्पिंडल पोकळ असते. ते स्वतः स्थिर, त्याच्या बाहेरून चाक फिरते आणि त्याच्या पोटातून चाकाला ओढणारा दांडा फिरतो. म्हणून आधी ओढीचा संबंध तोडावा लागतो, म्हणजे बाहेरची तबकडी बोल्ट काढून उतरवावी लागते, आणि मगच आत बेअरिंगांचे माप धरून बसलेला नट दृष्टीस पडतो. या रचनेत मला गृहस्थाच्या स्थितीचे फार अचूक प्रतिबिंब दिसते. संन्याशाच्या चाकाला केवळ फिरायचे असते; गृहस्थाच्या चाकाला भारही वाहायचा असतो आणि ओढायचेही असते. त्याच्या अंतरीचे माप बिघडले आहे की नाही, हे पाहावयाचे झाल्यास त्याला घटकाभर तरी आपली ओढ बाजूला उतरवून ठेवावी लागते, आणि नेमके तेवढेच त्याला जड जाते.

बेअरिंग स्वतः कसे असते, तेही सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा विचार त्या रचनेवर उभा आहे. सेंट लुईस येथे बग्ग्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेनला निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट १८९८ साली मिळाले. बग्गी वळण घेते तेव्हा चाकावर केवळ वरून भार पडत नाही, बाजूनेही रेटा बसतो. आणि साधे दंडगोल रोलर वरचा भार पेलतात पण बाजूच्या रेट्यापुढे हतबल होतात. रोलर निमुळते केले आणि आतले कडे व बाहेरचे कडेही त्याच बेताने उतरते केले, म्हणजे दोन्ही भार एकाच वेळी पेलले जातात. या रचनेत एक भूमितीचे सौंदर्य आहे: रोलरांच्या बाजूंच्या आणि दोन्ही कड्यांच्या रेषा कल्पनेने पुढे वाढविल्या, तर त्या सर्व आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात, आणि म्हणूनच रोलर घसरत नाहीत, लोळतात. प्रत्येक हबमध्ये अशी दोन बेअरिंगे एकमेकांकडे निमुळती होत बसविलेली असतात. बाहेरचा एकच नट आत सारला की दोन्हीतला अवकाश एकदम कमी होतो, मागे घेतला की दोन्हीतला वाढतो. राखावयाचा अवकाश तरी किती? जुन्या गाड्यांच्या बाबतीत इंचाच्या हजाराव्या भागापासून पाच हजारांश इंचापर्यंत. म्हणजे डोक्याचा एक केस जेमतेम मावेल किंवा तोही मावणार नाही, एवढा.

आसगावी मी ज्या मिस्त्रींचे काम पाहत होतो त्यांनी गाडी जॅकवर चढविली, आसाखाली लाकडी ठोकळे दिले, हब मोकळा केला, रोलर डिझेलमध्ये धुतले, फडक्याने कोरडे केले आणि एकेक रोलर उजेडाकडे धरून फिरवीत पाहिला. बाहेरच्या एका कड्यावर निळसर झाक होती. ते कडे त्यांनी काही न बोलता बाजूला टाकले. पोलादावर निळाई येते ती तापल्यामुळे, आणि एकदा तापून निळे झालेले कडे पुन्हा भरवशाचे राहत नाही. मग त्यांनी तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला, बेअरिंगची रुंद बाजू तळहाताच्या कडेवर दाबीत दाबीत ते पिंजऱ्याच्या दुसऱ्या अंगाने रोलरांच्या मधून वर येईपर्यंत भरले. हबची पोकळी मात्र काठोकाठ भरली नाही, कारण अतिरिक्त ग्रीस चाक फिरताना घुसळून तापते आणि वाट न मिळाल्यास सील फोडून ब्रेकवर येते. स्निग्धतेचेही माप असते, हे माझ्या तेव्हा प्रथमच लक्षात आले.

हब चढविल्यावर मुख्य क्रिया सुरू झाली. नट हाताने फिरवून टेकविला, त्याला मोठा बॉक्स पाना लावला, आणि कसण्यापूर्वी हाताखालच्या मुलाला सांगितले, "चाक फिरवत राय गा, थांबू नको." मुलगा चाक फिरवीत राहिला, मिस्त्री कशीत राहिले, चाक जड होत गेले आणि शेवटी हाताला न जुमानण्याइतके आवळले गेले. मग त्यांनी नट मागे घेतला, जवळजवळ फेऱ्याचा सहावा भाग. पुन्हा चाक फिरविले, या खेपेला ते एका ढकलीने कितीतरी वेळ आपसूक फिरत राहिले. मग एक हात चाकाच्या माथ्यावर आणि एक पायथ्याशी ठेवून त्यांनी ते आतबाहेर हलवून पाहिले. बोटांना जाणवेल न जाणवेल इतकी हालचाल होती. त्यांनी मान हलविली.

मला विचारावेसे वाटले की, शेवटी सोडायचेच होते तर आधी इतके कसायचे कशाला? मोजून तेवढाच नट आत सारला असता तर काय बिघडले असते? त्याचे उत्तर यंत्रात आहे आणि ते निर्विवाद आहे. नुसते बसविलेले रोलर आपापल्या जागी बसलेले नसतात. कुणी तिरपा असतो, कुणाच्या टोकाशी ग्रीसचा थर दाटलेला असतो, कडे आपल्या घरात पूर्ण टेकलेले नसते. या अवस्थेत घेतलेले माप हे रोलरांचे नसून ग्रीसचे आणि वाकडेपणाचे असते, आणि चार कोस गेल्यावर ग्रीस सरले, रोलर सरळ झाले, म्हणजे ते माप खोटे ठरते. कसल्याने प्रत्येक अवयव आपल्या सत्य जागी जातो. परंतु तेही फिरत असताना कसले तरच. चाक स्थिर ठेवून नट आवळला, तर तिरपा रोलर तिरपाच जखडतो, आणि हाताला जो घट्टपणा लागतो तो फसवा असतो.

तपाच्या प्रश्नावर याहून नेमका प्रकाश मला कोठे मिळालेला नाही. सिद्धार्थाने उरुवेलेत जे देहदंडन केले, ते पुढे त्याने स्वतःच अनर्थकारक म्हणून टाकून दिले. पहिल्याच प्रवचनात भोगासक्ती आणि आत्मक्लेश ही दोन्ही टोके त्याने सारख्याच स्पष्टपणे वर्ज्य ठरविली. तेव्हा ते तप आवश्यक होते, त्यावाचून बोधी मिळालीच नसती, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. तो बुद्धाच्या शब्दांविरुद्ध जाणारा युक्तिवाद होईल. पण एवढे म्हणता येईल की, कसणे आणि कसलेल्या अवस्थेत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याने आपल्या वृत्ती एकदाही आवळून त्यांच्या खऱ्या जागी बसविलेल्या नाहीत, त्याची मोकळीक ही मोकळीक नव्हे. तिचे माप त्याच्या आळसाचे आणि सवयींचे माप आहे. आणि ज्याने त्या आवळल्या परंतु जगण्याचे चाक थांबवून आवळल्या, घरदार, देणेघेणे, माणसांचा राग-लोभ या सर्वांपासून दूर जाऊन निश्चल अवस्थेत आवळल्या, त्याने कदाचित आपला वाकडेपणाच दृढ केला असेल. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मयोगाचा जो आग्रह धरला आहे, त्याच्या पाठीमागे हीच जाण असावी असे मला वाटते: संयमाची खरी परीक्षा आणि खरी घडण चालत्या व्यवहारातच होते. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग हा अति खाणाऱ्याचा नव्हे आणि मुळीच न खाणाऱ्याचाही नव्हे असे सांगताना आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती यांचीच नावे घेतली आहेत; ही सारी चालत्या चाकाची नावे आहेत.

सोण कोळिविसाची कथा या संदर्भात विसरता येत नाही. चंपेच्या श्रेष्ठीचा हा मुलगा इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते असे विनयपिटक सांगते. राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने चंक्रमणाचा, म्हणजे येरझारा घालीत करावयाच्या ध्यानाचा, इतका अतिरेक केला की पाय फाटून वाट रक्ताने माखली, आणि तरी चित्त मुक्त होईना, तेव्हा परत घरी जावे, धन भोगावे आणि दानधर्म करावा, असा विचार त्याच्या मनात आला. बुद्ध त्याच्याकडे गेला आणि त्याने त्याला वीणेविषयी विचारले, कारण सोण घरी असताना वीणावादनात निपुण होता: तारा अति ताणल्या तर? अति सैल सोडल्या तर? या कथेतील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. बुद्धाने त्याला माप सांगितले नाही. दोन्ही वेळा उत्तर सोणानेच दिले, कारण ते त्याच्या बोटांना आधीच ठाऊक होते. गुरूने फक्त वीणेवरचे ज्ञान साधनेपर्यंत आणून सोडले. मिस्त्रीजवळही फेऱ्याच्या सहाव्या भागाचा नियम होता, पण अखेरची मान त्यांनी हलविली ती बोटांच्या साक्षीवर.

तथापि वीणेच्या दृष्टांतात एक गोष्ट येत नाही, ती येथे मांडली पाहिजे. अति ताणलेली तार आणि सैल तार दोन्ही सारख्याच बेसूर वाजतात. बेअरिंगाची दोन टोके मात्र समान नाहीत. सैल बेअरिंग बोलते. चाक डगमगते, सुकाणूला थरथर येते, खड्ड्यातून जाताना ठोका ऐकू येतो, टायर एका अंगाने झिजतो. चालकाला महिनाभर आधी सूचना मिळते. अति कसलेले बेअरिंग काहीच सांगत नाही. गाडी उलट अधिक घट्ट, अधिक निर्धास्त वाटते. आत मात्र रोलर तापतात, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, पोलाद निळे पडते, आणि मग एके दिवशी बेअरिंग स्पिंडलवर जखडून बसते, भर रस्त्यात, भार असताना. म्हणून जाणते कारागीर संशयाचा फायदा ढिलाईला देतात. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या पुस्तकात असे म्हटले आहे की, मध्यम हे वस्तूचे मध्य नसून आपल्या अपेक्षेने असलेले मध्य आहे, दोन टोकांपैकी एक नेहमी अधिक सदोष असते, आणि ज्याला आपला कल माहीत आहे त्याने विरुद्ध दिशेला स्वतःला ओढावे, जसे वाकडे लाकूड सरळ करणारे ते उलट बाजूला वाकवितात. त्याच्या काळच्या ग्रीक नागरिकाला मुख्य भय सुखाचे वाटत होते. आपल्याकडील धार्मिक माणसाबद्दल मला उलट भय वाटते. व्रते, उपास, सोवळे, नियम, स्वतःविषयीचा आणि घरच्यांविषयीचा कठोरपणा, यांच्यामुळे जी घट्ट, आवाज न करणारी धार्मिकता तयार होते, तिला आपण भक्कमपणा समजतो. आणि तिच्या आत काय तापते आहे, हे घरातील सुना-मुलांना ठाऊक असते, बाहेरच्यांना जखडल्यावरच कळते. शिथिल माणसाचे दोष सर्व गावाला ऐकू येतात, म्हणून आपण त्याच्याविषयी इतके बोलतो.

उष्णतेचा विषय निघाला आहे तर आणखी एक. नट बसविताना गाडी थंड असते. ती रस्त्याला लागली की हब, कडी, रोलर आणि ब्रेकचा ड्रम ही सारी तापतात आणि सारखी तापत नाहीत, त्यामुळे थंड अवस्थेतले अंतर चालत्या अवस्थेत तेच राहत नाही. जो अवकाश मिस्त्रींनी ठेवला तो जॅकवर उभ्या असलेल्या गाडीसाठी नव्हता. उद्या दुपारी, भरलेल्या पोत्यांसह, तापलेल्या डांबरावर पवनीच्या बाजारास जाणाऱ्या गाडीसाठी होता. हे पाहिल्यावर मध्यममार्ग म्हणजे वर्तमानातील दोन टोकांचे गणित नव्हे, असे माझे मत दृढ झाले. शांत चित्ताने, सकाळच्या प्रहरी, कोणी प्रतिकूल बोलत नसताना मनुष्य स्वतःसाठी जे नियम ठरवितो, ते बहुधा प्रमाणाबाहेर घट्ट असतात. कारण त्या वेळी तो थंड असतो. संतापाच्या, आजाराच्या, कर्जाच्या, मरणाच्या प्रसंगी अंतःकरण फुगते आणि तेव्हा त्याला हालण्यास जागा उरत नाही. नियम करणाऱ्याने त्या अनागत उष्णतेचा हिशेब नियम करतानाच धरावयास हवा. करुणा या शब्दाचा व्यवहारातील अर्थ मी आता असाच करतो: माणूस तापेल हे आधीच ओळखून त्याच्यासाठी ठेवलेली जागा.

येथवर मी सोडण्याचा पक्ष घेतला. पण मिस्त्रींचे काम नट मागे घेऊन संपले नाही, आणि माझेही संपत नाही. मागे घेतलेला नट तसाच ठेवला तर चाक फिरता फिरता तो सरकेल आणि साधलेले माप नाहीसे होईल. म्हणून त्याच्यावर जिभेचा वॉशर चढवितात. त्याची आतली जीभ स्पिंडलच्या खाचेत बसते. त्यावर दुसरा नट, ज्याला कारखान्यांत चेकनट म्हणतात, तो मात्र पूर्ण ताकदीने आवळतात, आणि शेवटी वॉशरची कड छिन्नीने वाकवून नटाच्या कडेवर बसवितात. त्या चेकनटमध्ये ढिलाईला मुळीच थारा नाही. केसभर मोकळीक टिकविण्यासाठी एक जागा अशी लागते, जेथे मोकळीक शून्य आहे! ज्यांना नियम आणि स्वातंत्र्य हे परस्परांचे वैरी वाटतात, त्यांनी हे दोन नट एकदा शेजारी शेजारी पाहावेत. व्रताचा खरा उपयोग वृत्तींना आवळण्यासाठी नसून, त्यांना दिलेली रास्त मोकळीक इकडेतिकडे सरकू नये म्हणून तिला कुलूप घालण्यासाठी आहे.

आणि त्यातही एक बारकावा आहे, जो मिस्त्रींनी विचारल्यावरून सांगितला. चेकनट आवळताना तो आतल्या नटाला किंचित पुढे रेटतो. आट्यांत जी सूक्ष्म फट असते ती भरून निघते आणि ठेवलेला अवकाश कमी होतो. म्हणून अनुभवी हात पहिल्या नटाला थोडे अधिक सोडून ठेवतात, आणि कुलूप झाल्यावर चाक पुन्हा हलवून पाहतात. ते जड वाटले तर सारे उलगडून पहिल्यापासून करतात. मी याचा अर्थ असा घेतो की, कोणत्याही मर्यादेचे प्रतिज्ञेत रूपांतर झाले की ती मूळ हेतूपेक्षा अधिक घट्ट होते. घरात एखादी रीत सोयीसाठी सुरू होते, मग ती नियम होते, मग कुलाचार होते, आणि प्रत्येक पायरीवर तिच्यातील श्वास थोडा थोडा कमी होतो, जरी शब्द तेच राहतात. सोणाच्या कथेचा उत्तरार्ध या दृष्टीने विलक्षण आहे. त्याचे पाय पाहून बुद्धाने त्याला एकेरी तळव्याची पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी नाकारली, कारण एवढी संपत्ती टाकून आलेला सोण आता पादत्राणांत गुंतला असे लोक म्हणतील. तेव्हा बुद्धाने ती अनुज्ञा सर्व संघाला दिली. म्हणजे त्याने केवळ एका माणसाची तार सैल केली नाही, तर नियमाच्या चौकटीतच जागा ठेवली, आणि तीही नियम म्हणून.

उरला तो निदानाचा प्रश्न, आणि मला तोच सर्वांत कठीण वाटतो. चाक हलते आहे हे कळले, तरी ढिलाई कोठली आहे हे त्यावरून कळत नाही. ती बेअरिंगची असेल, किंवा त्याच्यामागे ज्याच्यावर सारे चाक वळते त्या किंगपिनची असेल. आणि किंगपिनची ढिलाई बेअरिंग कसून घालविण्याचा प्रयत्न केला तर निर्दोष बेअरिंग जळते आणि दोष जागच्या जागी राहतो. मिस्त्रींची परीक्षा साधी होती. मुलाला गाडीत बसवून त्यांनी ब्रेक दाबावयास सांगितले आणि चाक पुन्हा हलविले. ब्रेक दाबला म्हणजे ड्रम आणि त्याच्यामागची स्थिर तबकडी एकमेकांस धरतात, त्यामुळे बेअरिंगची हालचाल दिसेनाशी होते. हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा, न थांबली तर तो आणखी खोल आहे. येथे दोन माणसे लागतात, एक आत ब्रेकवर, एक बाहेर चाकाशी; चालकाला बसल्या जागी ही परीक्षा घेता येत नाही. आपल्या आचरणातील ढिलाई ही सवयीची आहे की श्रद्धेचीच आहे, हेही माणसाला आपल्या आसनावरून सांगता येत नाही. आणि बहुतेक आत्मपीडा ही श्रद्धेतील डळमळ सवयींना आवळून झाकण्याचा खटाटोप असते.

बौद्ध संघाने हे ओळखले होते. दर पंधरवड्याच्या उपोसथाला नियमांचे पठण होई. परंतु वर्षावास संपताना जी प्रवारणा होई, तिच्यात प्रत्येक भिक्षू, वयाने आणि दीक्षेने कितीही ज्येष्ठ असो, इतरांसमोर बसून विनंती करी की, माझ्यात तुम्ही जे दोष पाहिले असतील, ऐकले असतील किंवा ज्यांचा तुम्हाला संशय आला असेल, ते मला सांगा. तीन महिने एकत्र राहिलेल्या माणसांनाच तो अधिकार होता, आणि तो पावसाळ्याच्या शेवटी वापरला जाई. आपल्या घराघरांत असा एकही प्रसंग नेमलेला नाही, ज्या दिवशी वडील माणूस मुलांना आणि सुनांना असे विचारू शकेल आणि त्यांना खरे उत्तर देता येईल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांनी आणि एकादशी पाळणाऱ्या घरांनी, दोघांनीही, तो नेमावा असे मला मनापासून वाटते. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास चौरासात हलका धान कापणीस येतो, वाटा सुकू लागतात, आणि चार महिने चिखलात चाललेल्या गाड्या हब उघडून पाहण्यासाठी मिस्त्रींकडे येतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांचे मालक सांगतात की, आमच्या गाडीला काही झालेले नाही, नुसते पाहून द्या, आणि मिस्त्री जॅक लावतात.